जोडीतलं एक पान

आधी हात मागे घ्या. आजवर माझ्याकडे जो कोणी आला तो पान तोडायलाच आला, त्यामुळे कोणी सहज भेटायला आलोय म्हटलं की मला तिथेच शंका येते. त्या धुण्याच्या दगडावर बसा आणि हात मांडीवर ठेवा. हं, आता सांगतो.

मी पानओवा. जाड, लवदार, कातरलेल्या कडांची पानं. नुसतं बोटांत चुरडलं तरी दिवसभर हाताला ओव्याचा वास राहतो. बंगळूरला मला दोड्डपत्रे म्हणतात. जयनगरातल्या या घराच्या मागच्या अंगणात माझी मातीची कुंडी आहे. एका बाजूला धुण्याचा दगड, दुसऱ्या बाजूला जमिनीखालच्या टाकीतलं पाणी गच्चीवर चढवणारी मोटर. घर हयवदनरावांचं. अंगण मात्र त्यांच्या बायकोचं, अहल्याबाईंचं. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते, मीही तेच म्हणतो.

मी या घरात आलो तो चोरीने. आमच्याबद्दल इथल्या बायकांची ठाम समजूत आहे की मागून आणलेली फांदी धरत नाही, मालकाची नजर चुकवून आणलेली जोमाने धरते. त्यामुळे जिला फांदी द्यायची असते तीसुद्धा पाठ फिरवून उभी राहते आणि म्हणते, मला सांगू नको, ने. अक्का नवी नवरी होती तेव्हा तिने शेजारच्या कुंपणातून मला असंच मोडलं आणि पदराखाली लपवून आणलं. चोरीच्या मालाला दुसऱ्यावर विश्वास ठेवणं जड जातं. माझा स्वभाव असा का, याचं मला तरी हेच कारण दिसतं.

अक्काचा स्वभाव माझ्याहून वरचढ. दूधवाला पाणी घालतो, इस्त्रीवाला शर्ट ताणून मोठे करतो, भाजीवाली वजनात मारते, हे ती सकाळच्या कॉफीआधीच सांगून मोकळी होते. तीन-साडेतीनशे वर्षं कानडी मुलखात राहिलेलं हे मराठी घराणं, पण अक्काच्या लेखी कोपऱ्यावरचा दुकानदारसुद्धा अजून परका. माझ्या पानांवरही तिचा पहारा. आमची पानं देठावर समोरासमोर, जोडीने येतात. अक्काचा नियम असा की तोडायची तर अख्खी जोडी. एकटं पान तोडलेलं तिला चालत नाही. म्हणजे कोणी गुपचूप एखादं पान नेलं तर समोरचं उघडं पडतं आणि चोरी कळते. सकाळी ती माझ्यापुढे वाकून फांदीफांदीच्या जोड्या बघायची.

पण तोडलेलं पान तिने कधी वाया घालवलं नाही, हे मान्य करायला हवं. उन्हाळ्यात ती माझी पानं तुपावर परतायची, ओल्या खोबऱ्याबरोबर वाटायची आणि ताकात कालवून तंबुळी करायची. पाऊस लागला की डाळीच्या पिठात बुडवून भजी. आणि कोणाला खोकला झाला की तव्यावर पान शेकायचं, पिळायचं, चमचाभर रसात मध घालून चाटवायचं. चंदना, म्हणजे अक्काची एकुलती एक लेक, या रसावरच मोठी झाली. तेवढ्यापुरता मला माझा गर्व होता. डॉक्टरच्या आधी मला बोलावतात, असं मी मनात म्हणायचो.

शहाण्णव सालच्या जूनमध्ये वरच्या मजल्यावर भाडेकरू आले. पुण्याचे. नवरा रविकिरण कॉम्प्युटर कंपनीत, बायको मनस्विनी, आणि त्यांची दहा महिन्यांची मुलगी. मराठी माणसं म्हणून अक्काने घर दिलं, आणि आठवड्यात तिला त्यांच्या मराठीचाच संशय यायला लागला.

"दर वाक्यात इंग्लिश कशाला लागतं गे हिला?" ती भांडी घासायला येणाऱ्या सगुणाबाईला म्हणाली. "आम्हाला कळू नये असं काय बोलायचं असतंय?"

"पुण्याकडं तसंच बोलतात, अक्का," सगुणाबाई म्हणाली. "तुम्ही 'स्वल्प' म्हणलात की ती पण बघत बसते."

तरी मुलीपायी अक्का विरघळली. हयवदनराव यशवंतपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. संध्याकाळी बसमधून उतरले की हातपाय धुऊन त्या पोरीला मांडीवर घ्यायचे आणि इथेच पायरीवर बसायचे. एकदा मनस्विनीला तंबुळी फार आवडली. "मला एक फांदी द्याल का, अक्का? बाल्कनीत लावते."

"देऊन धरत नाही ते," अक्का म्हणाली. "मी नसताना ने. मला सांगू पण नको. सरी?"

मनस्विनी हसली आणि तिच्यासारखंच सरी, म्हणजे बरं, म्हणाली. आपण काय बोललो हे अक्का आठ दिवसांत विसरून गेली.

आता मूळ गोष्ट. गौरी बसल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हयवदनराव मोटर लावायला आले. ते काम रोज त्यांचंच. मोटर जुनी, तिचा आवाज एवढा की शेजारी उभं राहिलेल्याचं बोलणं ऐकू येऊ नये. त्यांनी बटण दाबलं, मागे बघितलं, दोन्ही बाजूंना बघितलं. मग नळाची तोटी धरून वाकले आणि खोकले. साधा खोकला नव्हता तो. पाठ नुसती हलत होती आणि आवाज सगळा मोटरीत बुडत होता. तो थांबल्यावर त्यांनी माझी तीन पानं तोडली, वेगवेगळ्या फांद्यांवरची, घाईघाईने. एक तोंडात टाकलं, दोन खिशात. रुमाल नळाखाली धुतला. पाणी गुलाबी होऊन माझ्या कुंडीच्या बाजूने वाहत गेलं.

त्यांना थोडा खोकला आहे हे घरात माहीत होतं. कारखान्यातली धूळ, असं त्यांनी सांगितलं होतं आणि सगळ्यांनी ते धरून ठेवलं होतं. रुमालातलं रक्त फक्त त्यांना माहीत होतं आणि मला. का लपवत होते तेही मला कळलं. चंदनाचं लग्न ठरत होतं. हुबळीच्या हणमंतरावांचा मुलगा, बँकेत. एका रविवारी याच पायरीवर बसून अक्का म्हणाली होती की हणमंतराव फार चौकशी करणारे आहेत, घरात कोणाला काही मोठा आजार आहे का, असं पत्रात दोनदा विचारलंय.  हयवदनरावांनी तेव्हा फक्त खिशात हात घातला आणि पान चाचपलं.

रोज तीन पानं. मग चार. कधी पाच. आणि खोकला लांबला तशी मोटरही लांबली, गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली. मला तेव्हा काय वाटत होतं ते खरं सांगतो. मला बरं वाटत होतं. पान चावलं की त्यांची छाती मोकळी व्हायची, ते ताठ उभे राहायचे आणि मी समजायचो की मी यांना बरं करतोय. जगावर संशय घेणारा मी, माझ्या पानांवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवला.

अक्काच्या नजरेतून उघडं पडलेलं पान सुटणार नव्हतंच. पहिले चार दिवस तिने सगुणाबाईवर नजर ठेवली. सगुणाबाई दुपारी येते आणि पानं सकाळीच जातात, हे लक्षात आल्यावर तिची मान आपोआप वर वळली.

"ही वरची," ती चंदनाला म्हणाली. "रोज तीन-तीन, चार-चार. आणि पाणी बघितलंस? पूर्वी पंधरा मिनिटं मोटर लावली की भागायचं, आता अर्धा तास. काय करतेय काय एवढ्या पाण्याचं?"

"आई, बाळ आहे त्यांच्याकडे. कपडे असतात."

"बाळ जूनमध्ये पण होतं."

हिशेब बिनतोड होता आणि साफ चुकलेला. हयवदनरावांचे शर्ट अंगावर लोंबायला लागले, तर ते इस्त्रीवाल्याच्या माथी गेलं. त्या बिचाऱ्याला तिने दारात उभं करून झापलं. मी इथे सगळं माहीत असून गप्प, आणि अक्का काही माहीत नसून बोलतेय, असे दोन महिने गेले.

दिवाळीच्या आधी अक्का गच्चीवर वाळवण बघायला गेली आणि तिला मनस्विनीच्या बाल्कनीत एक पत्र्याचा डबा दिसला. त्यात माझीच फांदी, चांगली वीतभर वाढलेली. अक्का ती डब्यासकट खाली घेऊन आली आणि इथे दगडावर ठेवली. मनस्विनी मुलीला कडेवर घेऊन मागोमाग आली.

"मला पानांचं काही नाही," अक्का म्हणाली. पानांचंच होतं. "पण एका घरात राहून चोरून न्यायचं?"

"अक्का, तुम्हीच म्हणालात ना, न सांगता ने? मी एकदाच घेतली, एक फांदी."

"आणि रोजची पानं? आणि पाणी?"

मनस्विनीचा चेहरा बदलला. ती जरा पुढे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "अक्का, मला ॲक्चुअली काकांबद्दल बोलायचंय. सकाळी मी वरून बघते..."

"त्यांचं नाव मध्ये आणायचं नाही," अक्का म्हणाली. "माझ्या नवऱ्याला वरून बघत बसतेस, हे सांगायला आलीस?"

मी जेवढा हलू शकतो तेवढा हललो. वारा आहे असं वाटलं असेल त्यांना. मनस्विनीने मुलीचं डोकं खांद्यावर दाबून धरलं आणि ती वर गेली. रविकिरणने महिनाअखेर घर सोडतो असं सांगितलं. हयवदनराव त्या संध्याकाळी पायरीवर एकटेच बसले. माणूस वाईट नव्हता. ते दोनदा उठले, घराच्या जिन्यापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. पानं मी तोडतो, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मग का तोडता, हा प्रश्न येणार होता.

भाडेकरू गेले. डबा इथेच राहिला आणि त्यातली फांदी पाण्यावाचून वाळली. पानं जायची थांबली नाहीत. मोटरही कमी झाली नाही. अक्का बुचकळ्यात पडली. संक्रांतीपर्यंत तिने कोणाला काही सांगितलं नाही, फक्त जोड्या मोजत राहिली. बोल लावायला कोण उरलं होतं?

संक्रांतीनंतरच्या एका सकाळी हयवदनरावांनी मोटर लावली आणि नेहमीसारखे वाकले. खोकला ऐन भरात असताना वीज गेली. त्या दिवसांत वीज कधीही जायची. मोटर घरघरत बंद पडली आणि अंगणात एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत त्यांचा खोकला पहिल्यांदा सगळ्या घराला ऐकू आला. त्यांना तो आवरता येईना. एका हाताने तोंड दाबलं तर बोटांतून रक्त आलं. दुसऱ्या मुठीत माझी चार पानं होती.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने आधी रक्त बघितलं नाही. आधी ती मूठ बघितली.

"तुम्ही?" ती म्हणाली. मग तिला रक्त दिसलं.

पुढचं मी सगुणाबाईकडून आणि अक्काच्या तोंडून ऐकलेलं. सरकारी इस्पितळात छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. क्षय. एक बाजू बरीच खराब झालेली. डॉक्टरांनी विचारलं, खोकल्यातून रक्त किती दिवस? हयवदनराव म्हणाले, पंधरा दिवस. तेव्हा अक्का मध्ये बोलली की नाही, गौरी बसल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. आधी तीन पानं जात होती, दसऱ्याला चार झाली, दिवाळीनंतर पाच. डॉक्टरांना काही कळेना. मग म्हणाले, तेव्हाच आणलं असतं तर एवढं झालं नसतं. आणि घरात, शेजारी, यांच्याजवळ लहान मूल असायचं का, असंही त्यांनी विचारलं.

ती मुलगी रोज संध्याकाळी मांडीवर असायची.

अक्का स्वतः गेली नसती तरी चाललं असतं, एक पोस्टकार्ड टाकून भागलं असतं. तिने तसं केलं नाही. चंदनाने रविकिरणच्या ऑफिसातून पत्ता मिळवला. सर्जापूर रोडला, शेताच्या कडेला नव्याच उठलेल्या इमारतीत ते राहत होते. अक्का दोन बस बदलून एकटी गेली. परत आली ती सरळ इथे, या दगडावर बसली. चप्पलही काढली नाही. सगुणाबाई भांडी घासायची थांबली.

"बसायला सांगितलं तिने?" सगुणाबाईने विचारलं.

"सांगितलं. पाणी पण दिलं. मी सगळं सांगितलं, बाळाला तपासून घे म्हटलं. ती उठली, पोरीला जवळ घेतली आणि मग म्हणाली..." अक्का थांबली. "म्हणाली, अक्का, मला रोज वरून दिसायचं. काका वाकून खोकायचे, पानं खायचे, रुमाल धुवायचे. मी तेच सांगायला आले होते. तुम्ही मला एकदा विचारलं असतंत, तर मी सांगितलं असतं. तुम्ही विचारलंच नाहीत, ठरवूनच टाकलंत."

 अक्का रडली. तिला रडताना मी पहिल्यांदा बघितलं आणि मला फार वाईट वाटलं, तिच्यासाठी आणि माझ्यासाठीही. माझी पानं हयवदनरावांना दिवसभर बस आणि कारखाना काढायला बळ देत होती, आणि तेवढ्या बळावर ते डॉक्टरला टाळत होते. बाळ तपासणीत ठणठणीत निघालं, एवढंच त्यातल्या त्यात चांगलं.

त्या दिवसापासून अक्काने मोजणं सोडलं. खरंच सोडलं. दूधवाल्याला काही बोलत नाही, इस्त्रीवाल्याची तिने माफी मागितली, तर तोच घाबरला. हुबळीकरांना तिने आजाराचं स्वतः जाऊन सांगितलं. हणमंतरावांनी चार दिवस घेतले आणि मग कळवलं की औषध चालू आहे ना, मग मे महिन्यातलाच मुहूर्त धरू. सगुणाबाईला ती म्हणाली, "आता कोणावर डोळा ठेवायचा नाही. काय असेल ते तोंडावर विचारायचं, आणि सांगतील ते खरं धरायचं."

माणूस बदलतो हे बघून मला बरं वाटायला हवं होतं.

हयवदनराव पंधरवड्याने इस्पितळातून घरी आले. रोज सकाळी अनशापोटी गोळ्या, आठ महिने, एकही दिवस चुकवायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. अक्का मूठभर गोळ्या त्यांच्या तळहातावर ठेवते, तांब्या देते आणि दूध बघायला आत जाते. ते इथे नळाशी उभे राहून घेतात. फेब्रुवारी, मार्च त्यांनी नीट घेतल्या, मी साक्षीदार आहे. खोकला थांबला, शर्ट अंगाला बसायला लागले. पण गोळ्यांनी पोटात आग पडायची, अन्नावरची वासना जायची, ताट तसंच परत जायचं. लग्न तोंडावर आलं. एका सकाळी ते चंदनाला म्हणाले, "मुलाकडच्यांच्या पंगतीत मी काय नुसता बसून राहू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आत बघितलं, मग अंगठ्याने माझ्या मातीत भोक पाडलं आणि गोळ्या त्यात दाबल्या. वरून माती सारखी केली.

"गोळ्या घेतल्या?" अक्काने आतून विचारलं.

"घेतल्या की," ते म्हणाले.

आणि अक्काने ते खरं धरलं.

आज एकोणीस दिवस झाले, रोज हेच. माझ्या मुळांशी ते लाल औषध मुरतंय, खालच्या फांद्या काळ्या पडल्यात. अक्का म्हणते ऊन फार आहे. ती मला तोडतही नाही, तिला आता माझ्याकडे बघवत नाही. परवा मोटर लावताना हयवदनराव पुन्हा दोन्ही बाजूंना बघून वाकले. फार वेळ नाही, पण वाकले. माझं एक पान तोडलं, जोडीतलं एकच. समोरचं ते उघडं पडलंय, तिसऱ्या फांदीवर, तुम्हालाही इथून दिसेल. अक्का रोज त्याच्या समोरून जाते आणि मोजत नाही.

मला बोलता येत नाही. तुम्हाला ऐकू आलं ते कसं, मला ठाऊक नाही, आणि मी ते विचारणारही नाही. तुम्ही पानं न्यायलाच आला असाल तर हवी तेवढी न्या, एकेकटी तोडा, फांदी मोडा. पण आधी आत जा आणि अक्काला हाक मारा. तिला म्हणावं, एकदाच पूर्वीसारखा संशय घे आणि कुंडीतली माती उकर. आजच्या गोळ्या अगदी वर आहेत, अजून विरघळलेल्या नाहीत. चंदना थोड्या वेळात पाणी घालायला येईल. त्याच्या आत.